तारेवर अत्याचार

देवळेकाका तार घेण्याआधी ती ओठाला लावून बघत. दुकान कुणाचंही असो, गर्दी कितीही असो. रिळाची वीतभर तार सोडवायची, डोळे मिटायचे, ती खालच्या ओठावरून हळू ओढायची आणि मग दुकानदाराकडे असं बघायचं, जणू त्याने दुधात पाणी घातलंय.

"ये तार है? इसपे तो कपडे सुखाओ भिया."

बड़ा गणपतीजवळचा विजेच्या सामानाचा एक दुकानदार त्यांना लांबून बघूनच रिळं काउंटरखाली सरकवू लागला होता. "चाचा, लेना हो तो लो, चाटो मत," असं तो एकदा म्हणाला. त्यावर काकांनी भर दुकानात त्याला सुनावलं, की बोटाला घट्टे पडतात, ओठाला पडत नाहीत. मिलमध्ये सूत असंच तपासतात. आणि ज्याला हे माहीत नाही त्याने तार विकणं हा अत्याचार आहे.

अत्याचार हा त्यांचा आवडता शब्द. चहात साखर कमी पडली तर अत्याचार. नळ वेळेआधी गेला तर अत्याचार. मिल बंद झाली तेव्हाही त्यांनी हाच शब्द वापरला, आणि त्या एका वेळी तो पुरला नाही.

मिलमध्ये ते सांचा खात्यात जॉबर होते. म्हणजे शेकडो माग एकाच वेळी खडखडत असतात त्या शेडमध्ये बिघडलेला माग पुन्हा चालू करून देणारा माणूस. मग एका सकाळी फाटकावर टाळं दिसलं आणि टाळ्याशेजारी एक कागद. काका जुनी इंदूरमधल्या आपल्या दोन खोल्यांत येऊन बसले आणि जे आधी रविवारी करत ते रोज करू लागले. लोकांच्या रेकॉर्ड प्लेअरच्या सुईमागच्या तारा बदलून देणं.

हे काम काय ते थोडं सांगायला हवं. रेकॉर्डवर फिरणारी सुई एका लहानशा डबीत बसवलेली असते, ती कार्ट्रिज. प्लेअरच्या दांड्याच्या टोकाला ही डबी जिच्यात अडकवतात ती खोबण म्हणजे हेडशेल. दोघांना जोडणाऱ्या चार तारा असतात, बोटाच्या दीड पेराएवढ्या. पांढरी आणि निळी डाव्या आवाजाची, लाल आणि हिरवी उजव्या. तार ताठ असली की पिनांवर ताण येतो. पिनेला सोल्डर लावायला जाल तर डबी आतून वितळते. म्हणून तारेच्या टोकाला चिमुकली क्लिप लावून ती पिनेवर सरकवायची. काका ती चिमट्याने नाही, तर मागाच्या फणीतून सूत ओढायच्या मिलच्या हुकाने सरकवत आणि चारही तारांना मध्ये एक सुती गाठ मारत. ती गाठ मागावरची होती.

इतकं बारीक काम त्या दिवसांत कुणाला हवं होतं? बाजारात डबल कॅसेटचे डेक आले होते, मागोमाग सीडी आल्या. लोक रेकॉर्डी रद्दीवाल्याला किलोवर देत होते. काका रद्दीवाल्यांशी भांडत, देणाऱ्यांशी त्याहून जास्त भांडत. शहर हसत होतं. मला त्या हसण्याचा आजही राग येतो, कारण त्यात मीही होतो.

माझे बाबा शाळामास्तर होते आणि काकांचे जुने मित्र. रोज सकाळी ते एकच रेकॉर्ड लावत, भैरवीची. तिच्यात उजवीकडून तंबोरा येई, डावीकडून तबला. आईला गाण्यातलं काही कळत नसे, पण तो तंबोरा सुरू झाला की हे उठले, एवढं तिला स्वयंपाकघरात कळे. बाबा गेल्यावर काही महिन्यांनी मी त्यांचा प्लेअर पुसायला घेतला आणि लाल तार तोडली. कुणाला कळू नये म्हणून तिथे टेलिफोनच्या तारेचा तुकडा पिळून बसवला. दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड लावली तर आई दारात येऊन म्हणाली, "तंबोरा कुठे गेला रे?"

मी खरं सांगितलं. ती रागावली नाही. "वर्षश्राद्धाच्या सकाळी नीट वाजू दे," एवढंच म्हणाली. "मला दुसरं काही नको."

म्हणून काकांना बोलावलं. त्यांनी टेलिफोनची तार मेलेल्या झुरळासारखी उचलली.

"ही तू घातली? तुझ्या बाबांच्या प्लेअरला? तारेवर अत्याचार आहे हा. अरे, लायब्ररीत बसून एवढी पुस्तकं वाचतोस, एकात पण हे नाही लिहिलं?"

"काका, मला वाटलं..." मी खणात चष्मा शोधत म्हणालो.

"तोंड इकडे करून बोल. मोठ्यांशी बोलायची ही पद्धत आहे का?"

हा त्यांचा दुसरा हट्ट. समोर बघून न बोलणाऱ्याला ते उत्तरच देत नसत. लोक म्हणत, मिल गेली पण जॉबरचा तोरा गेला नाही.

मग तारेचा शोध. चार महिने. माझ्या ओळखीच्या एकाने परदेशातून चकचकीत पाकिटातली चांदीची तार आणून दिली. काकांनी आधी पाकीट वाचलं. "तारेपेक्षा लिखाण जास्त आहे," म्हणाले. मग ओठाला लावली. "ताठ आहे. पैंजण कर कुणासाठी तरी." शेवटी जुन्या सामानाच्या ढिगात त्यांना एका मोडक्या हेडफोनची दोरी सापडली. आतली तार ओठावरून गेली तसा त्यांचा चेहरा निवळला. "देख. ऐंशी नंबरचं सूत आहे हे, एकदम बारीक."

वर्षश्राद्धाच्या दोन दिवस आधी त्यांनी ती बसवली. आई देवळात गेली होती, मला लायब्ररीतल्या कामाला उशीर होत होता. रेकॉर्ड फिरू लागली. काकांनी माझ्याकडे रोखून बघितलं.

"तंबोरा आला?"

"हो, आला," मी चपला घालत, वर बघून म्हणालो. ते खुश होऊन गेले.

संध्याकाळी आई प्लेअरसमोर बराच वेळ बसली. "नाही आला," म्हणाली.

मी तसाच जुनी इंदूरला गेलो आणि काकांना दारातच धरलं. चार महिने लावलेत, अख्ख्या शहराला नावं ठेवलीत, आणि काम हे असं?

"तूच तर म्हणालास, आला."

"मी काहीही म्हणेन. तुम्हाला ऐकू येत नव्हतं का?"

या वेळी ते अत्याचारही म्हणाले नाहीत. "उद्या येतो," म्हणाले आणि दार लावून घेतलं. मी जिंकल्यासारखा घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले, तारा काढून पुन्हा बसवल्या, सुई टेकवली. "आला?"

या वेळी मी नीट ऐकायचं ठरवलं होतं. उजव्या स्पीकरला कान लावून, त्यांच्याकडे पाठ करून मी म्हणालो, "नाही."

मागे हत्यारं डब्यात ठेवल्याचा आवाज आला.

"नाही आला, काका."

डब्याचं झाकण लागलं. मी तिसऱ्यांदा जरा जोरात म्हणालो आणि वळलो. काका डबा हातात धरून माझ्याकडेच बघत उभे होते. निकाल लागायची वाट बघत असल्यासारखे.

"तोंड इकडे..." ते म्हणाले आणि मध्येच थांबले.

मग खुर्चीवर बसले. "माझ्या कानातले वरचे सूर मिलमध्येच गेले," म्हणाले. "खालचे होते थोडे, ते पण आता... शेडमध्ये त्या आवाजात कोण कुणाचं ऐकणार? आम्ही सगळे ओठ बघूनच बोलायचो. घरी तुझी मालतीकाकू होती. ती समोर बसून सांगायची, डावा आला, उजवा खरखरतोय. ती गेल्यापासून ज्याचा प्लेअर त्याला विचारतो."

"आणि ते काय सांगतात?"

"सगळे हो म्हणतात. मला वाटलं, माझा हातच एवढा साफ आहे."

मला संताप आला. छत्रीबागेपर्यंत कितीतरी घरांत लोकांनी म्हातारा लवकर उठावा म्हणून हो म्हटलं असेल. एका माणसाला खरं सांगायला किती वेळ लागतो? पण त्या सगळ्यांत ताजा हो माझा होता, चपला घालताना म्हटलेला. मी समोर जाऊन सांगितलं, "काका, काल मी ऐकलंच नव्हतं."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग उठले, हिरव्या तारेची क्लिप काढली, सैल होती ती शिवणाच्या सुईवर धरून हलकेच दाबली, परत सरकवली. रेकॉर्ड लागली. आता मी त्यांच्या समोर उभा होतो.

"आला," मी म्हणालो.

"खरं?"

"खरं."

"कसा आला?"

"चांगला."

"चांगला म्हणजे? अरे कसा?"

मी आठवून बघितलं. एवढी पुस्तकं वाचून मला एक शब्द सुचेना.

आई स्वयंपाकघरातून कधी आली ते कळलं नाही. पदराला हात पुसत तिने स्टूल ओढलं आणि खिडकीच्या उजेडात, काकांच्या अगदी समोर बसली.

"तंबोरा एकटाच आहे अजून," ती सावकाश म्हणाली. "गोल फिरतोय. ह्या वेळेला हे खिडकी उघडायचे."

काकांनी मान हलवली.

"आता गाणारा खोकला. थोडासाच. आता लागला सूर. जाड आहे, झोपेतून उठल्यासारखा. हां, तबला आला, तुमच्या डाव्या हाताला."

काकांचा डावा हात गुडघ्यावरून जरासा उचलला गेला.

वर्षभरात आई इतकं बोलली नव्हती. आवाज वर गेला की ती वर गेला म्हणून सांगे, थांबला की थांबला म्हणून. बाजू संपली. सुई आतल्या कड्यात खरखरू लागली, तरी काका तिच्या ओठांकडेच बघत होते.

"संपली," आई म्हणाली.

"दुसऱ्या बाजूला काय आहे, वहिनी?"

"ती ह्यांनी कधी लावलीच नाही. मलाही माहीत नाही." मग माझ्याकडे न बघता, तोंड काकांकडेच ठेवून ती मला म्हणाली, "उलट रे ती. ऐकते आणि सांगते."