काँक्रीटला स्वभाव असतो

"अजून कोवळी आहे ती! आज हात लावलात तर चाक खाऊन टाकील!"

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात पार्टिशनपलीकडून हे ऐकू आलं आणि माझी बोटं टाइपरायटरवरच थांबली. डोकावून पाहिलं. आमच्या मुलुंडच्या कारखान्यातले कर्णिककाका भिंतीला टेकवलेल्या काँक्रीटच्या ताज्या लादीला गाल लावून, डोळे मिटून, बोटाने तिच्यावर टकटक करत होते.

काँक्रीट कापून पाहणं हे काकांचं काम. पोलादी चाक, त्याच्या कडेला धातूत बसवलेली हिऱ्याची कणी, वरून पाण्याची धार. चाक परदेशी, दुसरं मागवायचं तर परवान्याची कटकट. म्हणून कुठलं काँक्रीट चाकाला किती झिजवतं, याचाच काकांना ध्यास.

ते मराठीत सांगत, मी इंग्रजीत रिपोर्ट टाइप करी.

"लिहा बाई. दगड भांडुपच्या खाणीतला, काळा, रागीट. रेती अधाशी. सिमेंट भिडस्त, कुणाला धरून ठेवत नाही."

भिडस्त सिमेंटला काय म्हणायचं हे कॉन्व्हेंटमध्ये शिकवलेलं नव्हतं. मी आपलं 'वीक' लिहून मोकळी होई.

मऊ काँक्रीट चाकाला सोपं, असं कुणी म्हणालं की काका टेबलावर थाप मारत. "साफ चूक! कोवळ्या लादीतली रेती सुटते आणि कणी धरणारा धातूच खरवडून काढते. चांगली कणी गळून पडते, फुकट! रागीट दगडाचं उलटं. तो कणीलाच घासून गुळगुळीत करतो. मग चाक नुसतं फिरतं. अहो, थोडं झिजायलाच हवं, तेव्हा आतली नवी कणी बाहेर येते."

माणसांनाही हाच न्याय. हेडक्लार्क जोगळेकर "काळा दगड". जोगळेकर विचारत, "काका, लग्न का नाही केलंत? मनासारखी लादी मिळाली नाही वाटतं?" सगळे हसत. काकाही हसत, पण थोडं उशिरा, इतरांकडे बघून.

मला ते म्हणत, "बाई, तुम्ही बोलत का नाही कधी?" मी नुकतीच बोललेली असे. माझा आवाज मुळात लहान, म्हणून दोष मी स्वतःलाच देई. मग लक्षात आलं, ते समोरच्याच्या ओठांकडे बघतात. लादीला गाल लावला की हाडांतून तेवढं कळे. बाकीचं ऐकणं मशीनच्या आवाजात कधीच गेलं होतं. बहिऱ्या माणसाला मशीनवर कोण ठेवणार? म्हणून हे कुणाला कळू नये यासाठी काका स्वतःच बोलत राहत, दुसऱ्याला बोलूच देत नसत.

एकदा डबा खाताना म्हणाले, "घरी कुणी नाही, त्याचं काही वाटत नव्हतं हो. दिवसभर हे चाक बोलायचं. हल्ली तेही अबोला धरून बसलंय." आणि डब्याला झाकण लावलं. भाजी तशीच होती.

पुढे मोठे साहेब काम बघायला आले. "हे एवढं चाक बिघडलं तर मशीन बंद आणि कर्णिक स्टोअर्समध्ये," असं त्यांनी जोगळेकरांना माझ्यासमोरच सांगितलं. लादी जुनी, मुरलेली, काळ्या दगडाने भरलेली. काकांनी चाक लावलं. आधी खरखर, मग आवाज बारीक होत होत शिट्टीसारखा कर्कश. कणी गुळगुळीत झाली होती. अशा वेळी लगेच थांबून चाक मऊ विटेवर चालवायचं, म्हणजे नवी कणी उघडी पडते. नाहीतर चाक तापून वाकतं.

जोगळेकरांनी कानांवर हात ठेवले. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. काका मात्र समाधानाने चाक रेटतच होते.

त्या गोंगाटात कुणीही ओरडलं असतं तरी काकांच्या कानांबद्दल कुणाला शंका आली नसती. मी पुढे झाले, माझे ओठ त्यांना दिसतील अशी समोर उभी राहिले आणि जन्मात पहिल्यांदा चारचौघांत ओरडले,

"काका, थांबा! चाक ओरडतंय, विटेवर घ्या!"