रेडिएटरचं सुतक

मी फार मोठं काही करायला निघालो नव्हतो हो. एक कागद छापून दारावर लावायचा, एवढंच मनात होतं.

झालं असं, की हिवाळा तोंडावर आला आणि आमच्या बिल्डिंगचा गरम पाण्याचा पाइप तळघरात फुटला. गावच्या भट्टीत तापलेलं पाणी त्या एकाच पाइपातून सगळ्या घरांतल्या रेडिएटरांत फिरतं आणि खोल्या उबदार ठेवतं. त्यामुळे आम्ही गारठलो तेही अगदी एकजुटीने. हे पाणी पुरवणाऱ्या कंपनीला फोन केला की बाई म्हणायच्या, "नोंद झाली आहे." मी विचारायचो, "पण माणूस कधी येणार?" त्या म्हणायच्या, "तेच सांगतेय, नोंद झाली आहे." शेवटी माझी बायको रालित्सा तान्ह्या नेवेनाला शालीत गुंडाळून सामोकोवला माहेरी गेली. तिच्या आईकडे लाकडाची शेगडी आहे. जाताना म्हणाली, "ल्युबेन, रेडिएटर हाताला गरम लागला की फोन कर. त्याआधी मला बोलावू नकोस. पोरीची छाती भरलीये."

पोरीचे पायमोजे रेडिएटरवर वाळत घातलेले तसेच राहिले होते. ते दिसले की मी नाक पुसायचो (विचारलंच कुणी तर सांगायचं, सर्दी झालीये).

आता आमच्या बल्गेरियात माणूस गेला की बिल्डिंगच्या दारावर कागद लागतो. काळी चौकट, फोटो, चार ओळी, खाली शोकाकुल कोण ते. येणारा-जाणारा थांबून वाचतो. मला वाटलं, आपण रेडिएटरचाच असा कागद लावू. कंपनीची तेवढीच नाचक्की. मजकूर मी स्वतः लिहिला (ऑफिसात जमिनीची मोजणी करतो, पण लेखणी बरी आहे): 'वर्षानुवर्षं ऊब देणारा आमचा लाडका, दुरुस्तीची वाट पाहता पाहता अखेर गारठून गेला. कुणीही आलं नाही. शोकाकुल, तिसऱ्या जिन्याचे रहिवासी.' नाव मुद्दाम घातलं नाही. वर रेडिएटरचा फोटो दिसला की लोक खो खो हसतील, असा माझा हिशेब.

कोपऱ्यावरच्या दुकानात हे कागद छापतात आणि चिकटवूनही देतात. मी पेनड्राइव्ह दिला. दुकानदाराने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "भाऊ होता का?"

"भावापेक्षा जास्त," मी म्हणालो. काय बोललो, म्हणून स्वतःवरच खूश झालो. त्याच दुपारी ऑफिसच्या कामाला डोंगरातल्या गावांकडे निघून गेलो. तिथे फोनला रेंज नाही, दाढी करायला गरम पाणी नाही. माझ्या घरी राहिल्यासारखंच वाटलं म्हणा.

परत आलो तेव्हा संध्याकाळ व्हायची होती. धुकं इतकं दाट, की आपली बिल्डिंग आपणच चाचपून शोधायची. खालचं दार वीट लावून सताड उघडं ठेवलेलं, त्यामुळे माझा कागद काही दिसला नाही. तळमजल्यावरच्या तोताआजी खिडकीत होत्या. मी म्हटलं, "काय आजी, बरंय ना?" आजींनी छातीवर क्रूस काढला आणि पडदा ओढून घेतला. दुसऱ्या मजल्यावरचा कुत्रा, एरवी माझ्या पिशवीत तोंड घालणारा, शेपूट पायांत घालून मागे मागे सरकला.

जिन्यातले दिवे गेलेले. आणि भिंतीतून आवाज यायला लागला. ठक. थोडं थांबून, ठक ठक. इतके दिवस मुका पडलेला पाइप खालून कुणीतरी वाजवत होतं. मी थांबलो की आवाज थांबायचा. मी पायरी चढलो की, ठक. माझा भुताखेतांवर विश्वास नाही, पण त्या जिन्यात तसं मोठ्याने म्हणायचा धीर झाला नाही.

माझ्या दाराला काळी फीत बांधलेली होती.

आमच्याकडे काळी फीत कशासाठी बांधतात ते शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला एकदम नेवेनाची छाती आठवली. फोन काढला, त्याची बॅटरी संपलेली. कुलूप कसं उघडलं देव जाणे. आत हॉलमधल्या आरशावर, सुतकात टाकतात तशी, चादर टाकलेली. टेबलावर मेलेल्याच्या नावाने ठेवतात ते साखर भुरभुरलेले उकडलेले गहू, त्यांत खोचलेली मेणबत्ती, आणि ती पेटलेली. घरात चिटपाखरू नाही. बशीमागे एक फोटो टेकवून ठेवलेला होता. मी डोळे मिटून तो हातात घेतला, हळूच एक डोळा उघडला.

फोटो माझा होता.

"देवा, मीच आहे!" मी ओरडलो. "पोरगी नाही, मी आहे!" स्वतःच्या मरणाचा माणसाला इतका आनंद होऊ शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी फोटोचा मुका घेतला.

मग जरा विचार केला. मी गेलो असलो, तर इथे उभं कोण आहे? आजी बोलल्या नाहीत. कुत्रा घाबरला. अंग बर्फासारखं गार. सगळं जुळत होतं. डोंगरात त्या निसरड्या पायवाटेवर माझा पाय घसरला होता. उठल्याचं आठवत होतं, पण आता त्याचीही खात्री वाटेना. मी आरशावरची चादर काढायला हात पुढे केला आणि मागे घेतला. आत कुणीच दिसलं नाही तर काय करायचं? शेवटी हातावर फुंकर मारून पाहिली. तोंडातून वाफ निघाली. मेलेल्याच्या तोंडातून वाफ निघत नाही, एवढं मला शाळेत शिकवलेलं आहे (बहुतेक).

तेवढ्यात दार ढकलून शेजारच्या दोब्रिनाकाकू पाव घेऊन आत आल्या. किंकाळी अशी फोडली, की मेणबत्ती विझली. मागून स्तामेनकाका धावत आले.

"काका, मी जिवंत आहे!"

"पुढे येऊ नकोस!" काका म्हणाले. "आधी सांग, माझा ड्रिल कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे. देणारच होतो."

"जिवंत आहे गं," काका काकूंना म्हणाले. "तोच आहे. हेच सांगतो नेहमी."

मग सगळा उलगडा झाला. आमची एक किल्ली काकांकडे असते, त्यामुळे घरातली ही सुतकाची मांडणी त्यांचीच. पेनड्राइव्हमध्ये रेडिएटरच्या आधी माझा पासपोर्टचा फोटो होता. दुकानदाराने तोच छापला. "गारठून गेला, कुणीही आलं नाही, आणि वर तुझं तोंड," काका म्हणाले. "आम्हाला काय स्वप्न पडणार होतं? घरात नव्हतास, म्हटलं शवागारात नेलं असेल. मी तर रालित्साला कळवायला किती वेळा फोन उचलला. रडू यायचं, परत ठेवायचो."

"मी आत्ताच तो कागद फाडतो."

काकांनी माझं मानगूट धरलं. "खबरदार! कंपनीची माणसं सकाळपासून तळघरात आहेत. त्यांच्यामुळे माणूस गारठून मेला, हे गावभर झालंय. साहेब स्वतः येऊन गेला, टोपी काढून! आता पाइप जोडून होईपर्यंत जिवंत होऊन घाण करू नकोस."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी काकांच्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या कोपऱ्यात मेलेला होतो. बाहेर कंपनीचा मुकादम गेत्सो काकूंचं सांत्वन करत होता. "फार सज्जन होते म्हणे?"

"कसला सज्जन!" काकू म्हणाल्या. "जिना धुवायची पाळी आली की कंबर धरायचा." मग काकांनी पाय दाबला असावा, कारण पुढे त्या नुसत्याच हुंदके द्यायला लागल्या.

आणि माझ्या पाठीमागचा रेडिएटर गुरगुरला. मी हात लावला. कोमट. मग गरम. मग चटका! मला रडूच आलं. काकांच्या फोनवरून सामोकोवला ओरडलो, "गरम झाला, हाताला गरम झाला!" रालित्सा म्हणाली, "निघतेच मी."

संध्याकाळी ती नेवेनाला घेऊन जिना चढून आली, तोवर मी काकांकडेच दडून होतो. खालचा कागद तिने वाचला होता. "ल्युबेन, तू गेलास?"

"थोडा वेळ," मी म्हणालो. "आत चल, बघ तर खरं!"

आत आमचा श्वास पांढरा दिसत होता. रेडिएटर थंडगार. त्याचा नळ बंद करून कंपनीने तारेने बांधलेला शिशाचा शिक्का लोंबत होता. मी धावत खाली गेलो. मला पाहून गेत्सोच्या हातातला पाना पडला. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, "मालक वारले, बाई माहेरी. काकांनी काल सकाळीच किल्ली दिली. रिकाम्या घराचं पाणी आम्ही बंदच करतो, नियम आहे."

"मग काढा तो शिक्का."

"मालकाला स्वतः यावं लागेल."

"मीच मालक!"

गेत्सोने दारावरच्या कागदाकडे बोट दाखवलं. "साहेब, असं कसं चालेल? आख्ख्या गावाने वाचलंय."

वर आलो तर रालित्सा आणि नेवेना काकूंकडे रेडिएटरला पाठ लावून बसल्या होत्या. काका माझी नजर चुकवत होते. "तेव्हा मला वाटलं, तुला आता कशाला लागतंय," ते पुटपुटले. नेवेना गरम होऊन लालबुंद झोपली होती.

रालित्साने तिच्या अंगावरची शाल सैल केली. "तू मेलास तर सगळी बिल्डिंग गरम झाली," ती म्हणाली. "जन्मात एक काम हाती घेतलंस, ल्युबेन, आणि तेही अर्धवट सोडून परत आलास."