पदर दिसणारा कॅमेरा

अंबिकाचं साड्यांचं लाइव्ह बावीस दिवस बरं चाललं आणि तेविसाव्या दिवशी सासूबाईंनी बंद पाडलं.

त्यासाठी त्यांना घराबाहेर पडावं लागलं नाही. नुसता फोन केला. लातूरला गोलाईजवळच्या गल्लीत शिवप्रसादचं साड्यांचं दुकान. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा त्याची बायको अंबिका मोबाइल स्टँडला लावून साड्या दाखवायची आणि मुरुड, नायगाव, देगलूरच्या बायका घरबसल्या ऑर्डर द्यायच्या. पण लाइव्ह ज्या मोबाइलवर, त्याच मोबाइलवर घरी लाइव्ह बघत बसलेल्या सासूबाईंचा, रत्नम्मांचा फोन यायचा. फोन आला की साडी, अंबिका आणि बघणाऱ्या दीडशे बायका एकदम गायब.

"डोक्यावरचा पदर पडलाय," एवढंच बोलून रत्नम्मा फोन ठेवायच्या.

अट तशी पहिल्यापासूनची होती. अंबिका बीकॉम झालेली. नऊ वर्षं घरात भाकरी थापल्यावर तिनं दुकानात बसायचं विचारलं, तेव्हा रत्नम्मा म्हणाल्या होत्या, "बस की. माझी काय ना न्हाई. पण चार गावच्या बाया बघणार. डोक्यावरचा पदर पडायचा न्हाई. तीनदा पडला की बंद." अंबिकानं पिना लावून बघितल्या. दाखवायची साडी खांद्यावर टाकली की पिनेसकट सगळं खाली यायचं. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात स्वतःचं तोंड तरी दिसतं म्हणून तोही लावून बघितला, तर त्यात राणी कलर तांबडा दिसायला लागला आणि देगलूरहून दोन साड्या परत आल्या. शेवटी पाठीमागचाच कॅमेरा. त्यात रंग खरे, पण आपला पदर आहे की गेला हे आपल्याला सोडून सगळ्यांना दिसणार.

तेविसाव्या दिवशी तो तिसऱ्यांदा पडला. संध्याकाळी घरी अंबिका पहिल्यांदाच सासूसमोर मोठ्यानं बोलली. "आत्या, मला पदर दिसतच न्हाई तर सांभाळू कसा? तुम्हीच सांगा!" तिला रडू यायला लागलं होतं. ते लाइव्ह म्हणजे नऊ वर्षांत तिला मिळालेली एकमेव स्वतःची गोष्ट होती, आणि ती जाताना तिला स्पष्ट दिसत होती.

रत्नम्मा कडक होत्या, पण अन्यायी नव्हत्या. त्यांनी विचार केला. "मंग दिसंल असं काहीतरी आणा," त्या म्हणाल्या. "रविवारपर्यंत. न्हाई तर विषय संपला."

शनिवारी शिवप्रसाद, अंबिका आणि शिवप्रसादचे वडील सिद्धराम अप्पा असे तिघं दयानंदच्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. अप्पांचं तिथं काही काम नव्हतं. पण घरात कुठलीही खरेदी असली की अप्पा बरोबर असायचे.

"कशासाठी पाहिजे? लग्नाचं शूटिंग?" दयानंदनं विचारलं.

"पदरासाठी," शिवप्रसाद म्हणाला.

दयानंदला कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर मात्र तो खूश झाला. "म्हणजे स्क्रीन उलटी फिरणारा पाहिजे. मोबाइलवर आपले व्हिडिओ काढणारी पोरंपोरी तेच नेतात. तारेनं लॅपटॉपला जोडायचा, की झालं लाइव्ह."

अप्पा गेली चाळीस वर्षं साड्यांच्या गादीवर बसले होते आणि सगळी मांडणी खाली उतरवून हात हलवत जाणाऱ्या गिऱ्हाइकांना मनातल्या मनात शिव्या घालत आले होते. दयानंदच्या काउंटरपलीकडे बसल्यावर काय झालं कोण जाणे, अप्पांच्या अंगात ते गिऱ्हाईक संचारलं.

"तो वरचा दाखवा. त्याच्या बाजूचा. ह्याच्यात जरा फिका न्हाई का?"

"अप्पा, कॅमेरे काळेच येतात."

"असंल की आत. बघा तरी."

दयानंदनं आत जाऊन बघून आल्यासारखं केलं. तोवर अप्पांनी एक कॅमेरा अंगठा आणि बोटात धरून त्याचा पोत बघितला, आणि मग उन्हात खरा रंग कसा दिसतो म्हणून तो दारात नेला. दयानंद मागोमाग धावला. काउंटरवर एव्हाना अकरा डबे उघडे पडले होते.

पदराच्या कामाचे त्यातले तीनच निघाले. पहिल्याची स्क्रीन वर उघडायची, पण वर आवाजासाठी माइक बसवला की स्क्रीन त्याच्यामागं गडप. दुसऱ्याची खाली उघडायची आणि स्टँडला अडायची. "नुसती हनुवटी दिसायलीय," अंबिका म्हणाली. तिसऱ्याची स्क्रीन खिडकीच्या फळीसारखी बाजूला उघडली आणि गर्रकन तिच्याकडं वळली. त्यात अंबिका दिसली. डोक्यापासून कोपरापर्यंत, पदरासकट.

"हाच!" अंबिका म्हणाली.

अप्पांना हे मुळीच आवडलं नाही. "असं एकदम हाच म्हणू नये," ते तिच्या कानाशी कुजबुजले आणि दयानंदला म्हणाले, "तिन्ही बांधा. घरी पसंतीला न्यायलाव. बघणार ती घरी हाय."

"पसंतीला?" दयानंदचा आवाज चढला. "अप्पा, कॅमेरा हाय हा! लुगडं हाय का घरी दाखवून आणायला?"

शिवप्रसाद शांतपणे म्हणाला, "दिवाळीत पुनमवहिनी चौदा साड्या पसंतीला घेऊन गेल्या होत्या. तेरा परत आल्या. एकीवर चिवड्याचं तेल होतं. आपण काही बोललो का?"

पुनमवहिनी म्हणजे दयानंदची बायको. दयानंदनं मुकाट्यानं तिन्ही कॅमेरे बांधले आणि तिन्हींत एकेक मेमरी कार्डही घालून दिलं.

रविवारी जेवणं झाल्यावर रत्नम्मा दिवाणावर बसल्या. "आधी मी बघते," त्या म्हणाल्या. "मला दिसला तर तिला दिसंल."

अंबिकानं वर उघडणारा कॅमेरा त्यांच्यासमोर ठेवला आणि शूटिंग चालू केलं. स्क्रीनमध्ये स्वतःला बघून रत्नम्मांनी आधी पदर सारखा केला, मग चष्मा, मग उशी.

"आत्या, काहीतरी बोला आता."

"काय बोलू?"

"साडीचंच बोला. समोर बाया बसल्यात असं समजायचं."

रत्नम्मांनी कपाटातून स्वतःच्या चार साड्या काढून मांडीवर घेतल्या, आणि चाळीस वर्षं ज्या माउलीला कुणी काही विचारलं नव्हतं ती बोलायला लागली.

"बायांनो, ऐका. ह्याला हे लोक जर म्हणतात. ही जर न्हाई! नख मारून बघा, खालून पांढरं निघतंय. मोरपंखी घेतली तर सावलीत वाळवा, उन्हात टाकली की गेली. आन लेकीच्या सासूला देण्याघेण्याची साडी पाहिजे का लेकीला नेसायची पाहिजे, हे दुकानदाराला आधीच सांगा. न्हाई सांगितलं तर दोघींना एकच गळ्यात मारतो. माझा लेकच मारतो, दुसऱ्याचं काय सांगू?"

चौथ्या मिनिटाला त्यांनी एक इरकल दोन्ही हातांनी वर धरली. साडीच्या आड स्क्रीन गेली आणि त्यांचा स्वतःचा पदर डोक्यावरून घसरून खांद्यावर आला. साडी खाली आली तोवर त्या काठापदरात इतक्या गुंतल्या होत्या की स्क्रीनकडं त्यांचं लक्षच राहिलं नाही. अंबिकानं तोंड उघडलं आणि परत मिटलं.

"आन आमच्या दुकानात कोपऱ्यातल्या कपाटातलं काय घेऊ नका," रत्नम्मांनी शेवटाकडं येत सांगितलं. "आमच्या ह्यांनी सुरतेला जाऊन डोळे झाकून आणलेला माल हाय. चार वर्षं झाली, जाईना झालाय."

अकरा मिनिटांनी त्यांना तहान लागली म्हणून त्या थांबल्या. पाणी पिता पिता पदर वर घेतला, नेहमीसारखा, न बघता. मग बाजूला उघडणाऱ्या कॅमेऱ्यात त्यांनी अर्धा मिनिट स्वतःला बघितलं आणि निकाल दिला. "ह्याच्यात मी बरी दिसायलेय. हाच ठेवा. सोमवारपासून दोन-तीन दिवस तपासा आन गुरुवारी बसवा हिला."

अंबिकाचा जीव भांड्यात पडला. सोमवारी अप्पा उरलेले दोन कॅमेरे दयानंदला परत देऊन आले. कार्डं काढायची असतात हे अप्पांना ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं ते कॅमेरा पसंत पडल्याच्या आनंदात होते.

कॅमेऱ्यांवर तेलबिल लागलंय का हे बघता बघता दयानंदनं वर उघडणारा चालू केला. आवाज ऐकून आतून पुनमवहिनी आल्या. त्यांनी अकराही मिनिटं उभ्यानं ऐकली आणि एक शब्दही न लिहिता तो व्हिडिओ भिशीच्या ग्रुपवर टाकला. भिशीतल्या बायकांना माहेर होतं, नणंदा होत्या, जावा होत्या. वाटेत कुणीतरी तो दुकानाच्या पत्त्यासकट इंटरनेटवर चढवला, खाली बायका लिहायला लागल्या, आणि बुधवारपर्यंत व्हिडिओ तीन जिल्हे फिरून आला.

बुधवारी सकाळी शिवप्रसादनं शटर वर केलं तर बाहेर बायका उभ्या. तो हरखून गेला. पहिल्याच बाईंनी साडी हातात घेऊन जरीवर नख मारलं.

"अहो ताई, काय करायलात!"

"बघायलेय. आजींनी सांगितलंय."

"कुठल्या आजींनी?"

"आन मला लेकीला नेसायची दाखवा. देण्याघेण्याची नको. बदलून दाखवू नका, मला कळतंय आता."

मुरुडहून आलेल्या एका बाईंनी अप्पांना विचारलं, "कोपऱ्यातलं कपाट कुठलं वो?"

"कामून?" अप्पा म्हणाले.

"तिकडं जायचं न्हाई म्हणून इचारलं."

अप्पा त्या कपाटाला पाठ लावून उभे राहिले ते दुपारपर्यंत तिथून हलले नाहीत. बाकीच्या मांडण्या मात्र रिकाम्या होत चालल्या होत्या. शिवप्रसादला एका गिऱ्हाइकानंच व्हिडिओ दाखवला. त्यानं तो दुकानाच्या मागं जाऊन बघितला आणि पांढराफटक पडून अंबिकाला हाक मारली. आईला तो अव्वा म्हणायचा.

"अव्वाचं डोकं उघडं हाय. सात मिनिटं! तुला दिसलं न्हाई?"

"दिसलं की."

"आन तू सांगितलं न्हाईस? अगं, अव्वाला कळलं तर लाइव्ह तर गेलंच तुझं, आपलं जेवणबी बंद होईल!"

गुरुवार उद्यावर आला होता. तिघांनी मिळून ठरवलं की घरी ह्यातलं अवाक्षर काढायचं नाही.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा रत्नम्मा चष्मा लावून मोबाइल बघत बसल्या होत्या. त्यांच्या निलंग्याच्या बहिणीनं व्हिडिओ पाठवला होता. अप्पा हातपाय धुवायला गेले ते बाहेरच येईनात.

रत्नम्मांनी व्हिडिओ पूर्ण संपू दिला. मग अंबिकाकडं बघितलं.

"पदर कवा पडला?"

"चौथ्या मिनिटाला."

"तू समोर होतीस. कामून सांगितलं न्हाईस?"

अंबिकाला आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. "आत्या, तुम्ही जरीचं सांगत होता, इरकलीचं सांगत होता. नऊ वर्षं झाली मला ह्या घरात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लई चांगलं सांगत होता. मधी बोलावंच वाटलं न्हाई."

रत्नम्मांनी मोबाइल शिवप्रसादच्या हातात दिला. मग म्हणाल्या, "बायांनी खाली लिहिलंय न्हवं? वाच. पदराचं कोण काय म्हणलंय ते वाच."

शिवप्रसाद घाबरत घाबरत वर-खाली बघायला लागला. "एका बाईनं लिहिलंय..." त्यानं मोबाइल डोळ्यांजवळ धरला. "आजींच्या अंगावरची साडी कितीला?"

"आजून?"

"मोरपंखी सावलीत किती वेळ वाळवायची? आजी रोज असतात का? आमच्या सासूलाबी कुणीतरी कॅमेऱ्यासमोर बसवा..." तो खालपर्यंत गेला. "पदराचं कुणीच न्हाई, अव्वा."

"कुणीच न्हाई?" रत्नम्मांनी विचारलं. त्यांना हायसं वाटलं की वाईट वाटलं, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. "बरं," त्या म्हणाल्या. "उद्या मी येते दुकानात."

अंबिकानं त्याचा अर्थ आपल्यापरीनं लावला. उद्यापासून आत्या बसणार. तिनं गपचूप ताटं घेतली.

गुरुवारी रत्नम्मा दुकानात आल्या, पण समोरच्या खुर्चीकडं गेल्याच नाहीत. कॅमेऱ्याच्या मागं गादीवर बसल्या आणि अंबिकाला म्हणाल्या, "बस. वेळ झाला."

नवा कॅमेरा लॅपटॉपला जोडलेला, स्क्रीन बाजूला उघडून अंबिकाकडं वळवलेली. तीनशेच्या वर बायका जमल्या होत्या. अंबिकानं नमस्कार केला आणि पहिली साडी उलगडली. स्क्रीनमध्ये बघितलं, पदर जागेवर होता. काठ दाखवले, पुन्हा बघितलं. जागेवर होता. ती बोलत होती साडीचं आणि डोळे सगळे स्क्रीनवर. तोंडातून दोनदा निळ्याला हिरवं आलं.

शिवप्रसाद लॅपटॉपवर उमटणारं वाचत होता. ताई, कुठं बघायलात? ताई, बाजूला कोण उभं हाय? ताई, तुम्हाला कुणी दटावून राहिलंय का? तीनशेच्या दोनशे झाल्या, मग दीडशे. तो हातानं खुणा करायला लागला, त्या बघून अंबिका आणखी गोंधळली. डोक्यावरचा पदर मात्र सूतभर हलला नव्हता.

रत्नम्मा उठल्या. कॅमेऱ्याजवळ गेल्या, ती बाजूला उघडलेली स्क्रीन हातात धरली आणि फटकन मिटून टाकली.

"तिकडं काय बघतीस? बायांकडं बघ."

"पण आत्या, पदर..."

"साडी सांग."

अंबिकानं कॅमेऱ्याच्या भिंगाकडं बघितलं. तिथं तिचं काही दिसत नव्हतं. ती म्हणाली, "बायांनो, ह्या साडीची जर खरी हाय का, ते आधी बघू." तिनं नख मारलं. दुकानात कुणीतरी हसलं, लॅपटॉपवरचा आकडा थांबला आणि वर चढायला लागला. पुढची साडी तिनं दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरली, आणि ती खाली घेतली तेव्हा तिचा पदर खांद्यावर आलेला होता.

शिवप्रसादनं दचकून आईकडं बघितलं. रत्नम्मांनी पडलेला पदर बघितला होता. त्यांनी शेजारची गुलाबी साडी उचलली, घडी मोडली आणि अंबिकाच्या हातात दिली.