म्हातारीच्या नाकात बोळा

सासऱ्यांच्या ट्रॅक्टरला हात लावायचा नाही, असं जावईबापूंना कुणी बजावलं नव्हतं. तशी गरजच कुणाला वाटली नव्हती. घरच्या मिक्सरचं झाकण बसवताना ज्या माणसाला घाम फुटतो, तो इंजिनाच्या वाटेला जाईल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

पण त्या दिवशी सासरे दाताच्या डॉक्टरकडे गेले होते, बायको आणि सासूबाई स्वयंपाकघरात होत्या आणि शेडमध्ये म्हातारी एकटीच उभी होती. म्हातारी म्हणजे ट्रॅक्टर. सासऱ्यांच्या वडिलांनी घेतलेला, आता शेताचं तोंडही न बघणारा, नुसता पुसूनपुसून चकचकीत ठेवलेला. उद्या मैदानावर जुन्या ट्रॅक्टरांचं प्रदर्शन होतं आणि मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे राहायचा मान म्हातारीचा होता. सासरे वर्षभर या एका दिवसावर जगत. आणि अशा या मानकरणीच्या इंजिनाच्या बुडातून खालच्या डब्यात तेल ठिबकत होतं. टप्. टप्.

‘एक बोल्ट आवळू,’ जावईबापूंच्या मनात आलं. ‘एकच.’ (ऑफिसात दिवसभर कागदांवर शिक्के मारणाऱ्या माणसाला आयुष्यात एकदा तरी काहीतरी आवळावंसं वाटतं.) सासरे येतील, डबा कोरडा बघतील आणि म्हणतील, ‘वा, जावईबापू!’ लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे दोन शब्द काही त्यांच्या कानावर आले नव्हते.

त्यांनी पाना लावला. आवळला. थोडा आणखी आवळला. आत कच्च असा आवाज झाला, बुडाच्या झाकणामधलं पॅकिंग फाटलं आणि ठिबकण्याची चांगली करंगळीएवढी धार झाली.

आधी त्यांनी धारेला अंगठा लावला. मग बराच वेळ तसेच बसून राहिले, कारण अंगठा काढायचा कसा हे कळेना. शेवटी दुसऱ्या हाताने फळीवरून पाइपच्या फटी बुजवायची चिकट लांबी ओढली आणि इंजिनाच्या बुडाला जिथे जिथे फट दिसली तिथे तिथे थापली. धार थांबली. तेवढ्यात त्यांना बाजूला एक वाकडी नळी दिसली. तिचं तोंड तेलानं काळंकुट्ट झालेलं. ‘म्हणजे इथूनही गळतंय तर!’ त्यांनी फडक्याचा बोळा केला आणि पान्याच्या टोकाने ठासठासून नळीत कोंबला.

“जावईबापू? तुम्ही इथं?”

दारात सासरे. एक गाल सुजलेला, पण आवाज नेहमीसारखाच मऊ. हाच मऊपणा जावईबापूंना घाबरवून सोडायचा. सासरे रागावले की आवाज चढवत नसत, उतरवत.

“सहज... बघत होतो.”

“बघा, बघा. थांबा, सुरू करूनच दाखवतो.”

म्हातारी खोकली, थरथरली आणि सुरू झाली. जावईबापूंनी डोळे मिटून मनात हात जोडले. क्षणभर सगळं सुरळीत होतं. मग तिच्या पोटात काहीतरी घुसमटायला लागलं. लांबीचे पापुद्रे सुटले. पुढून तेल, मागून तेल, ज्या फटी जगात कुणाला माहीत नव्हत्या त्यांतूनही तेल! तेल मोजायची पट्टी सुंकन उडाली ती थेट वरच्या पत्र्यावर आपटली आणि तिच्यामागून आलेला फवारा जावईबापूंच्या शर्टावर बसला.

सासऱ्यांनी इंजिन बंद केलं आणि ते खोक्यावर मटकन बसले.

“गेली,” ते म्हणाले. आवाज इतका उतरला होता की जेमतेम ऐकू आला. “आतून झिजली की आतला दाब असा वाट फुटेल तिथून बाहेर पडतो. हिचं आता काही खरं नाही. कळवून टाकतो प्रदर्शनवाल्यांना, आम्ही येत नाही म्हणून.”

त्यांनी खिशातून फोन काढला. दुसऱ्या हाताने ते आपल्याच रुमालाने म्हातारीचं तोंड पुसत होते.

गप्प बसलं की सुटलो! जावईबापूंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कुणाला कधी कळणार नव्हतं. झिजली बिचारी, वयच झालं होतं, मी दोन अश्रू ढाळतो आणि उद्या घरी जातो. पण सासऱ्यांचा तो रुमाल काही थांबेना.

“बाबा,” जावईबापू पुटपुटले, “ती... ती वाकडी नळी...”

सासऱ्यांनी नळीत बोट घातलं. बोळा बाहेर आला.

“हे कुणी कोंबलं?”

“तिथूनही गळत होतं...”

“अहो, नाक आहे ते तिचं! आतला दाब त्यातून बाहेर जातो! नाक दाबून कुणी पळवतं का म्हातारीला?”

जावईबापूंनी खांदे आवळले. आता आवाज उतरणार. पण सासरे ताडकन उठले, तेल भरलं, पट्टी खोचली, इंजिन सुरू केलं. म्हातारी पूर्वीसारखी धडधडायला लागली. बुडातून धार पुन्हा सुरू झाली होती, पण ते पॅकिंग सासरे संध्याकाळपर्यंत बदलणार होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सुजलेला गाल सांभाळत ते हसले आणि तेलकट जावयाला चक्क मिठी मारून म्हणाले, “जिवंत आहे हो! उद्या तुम्ही म्हातारीवर माझ्या शेजारी बसायचं. सगळ्यांच्या पुढे!”

जावईबापू तरंगतच स्वयंपाकघरात गेले.

“ऐकलंस? बाबा उद्या मला शेजारी बसवणार आहेत. मानानं!”

“हो, आत्ताच खिडकीतून आईला सांगून गेले,” बायको शर्टाकडे बघत म्हणाली. “घरी पाण्याचा पंप आहे, फ्रिज आहे. जावईबापू डोळ्यांसमोर असलेले बरे, म्हणाले. आणि अहो, हात मांडीखाली घेऊन बसायचंय.”