आजच्या भावांचा कोटा

सिमखोला या गावास पूल नाही, ही बाब शासनास एकोणीस वर्षांपासून ज्ञात आहे. नदीवर एक गरारी आहे. गरारी म्हणजे तारेला लटकवलेला लोखंडी पाळणा. त्यात दोन माणसं बसतात, किंवा एक माणूस आणि एक बकरी, आणि दोर ओढत आपले आपण पलीकडे जातात. कुमाऊँच्या त्या खोऱ्यात या दोराने पुष्कळांच्या तळहातांची सालं काढली आहेत. पण अर्जात 'तळहात' असा रकाना नसल्याने त्याची नोंद कुठे झाली नाही.

ग्रामप्रधान हयात सिंह यांना पूल गावासाठी हवा होता, असं ते सभेत सांगत. खरं कारण घरात होतं. त्यांची बायको खष्टी हिचं माहेर नदीच्या अगदी समोर. अंगणातून भावाच्या चुलीचा धूर दिसायचा. पण गरारीत पाय ठेवला की तिचे डोळे फिरत, त्यामुळे लग्नानंतरच्या एकोणीस वर्षांत ती माहेरी गेली नव्हती. दर चैत्रात भाऊ उमेद पुऱ्या, गूळ आणि नवी साडी घेऊन भिटौलीला यायचा. चैत्रात भावाने बहिणीच्या दारी जायचंच, हा तिकडचा रिवाज. पूल झाला की पहिली तुला पलीकडे नेतो, असा शब्द हयात सिंहांनी लग्नात दिला होता.

"पुलाखालून बरंच पाणी गेलं म्हणतात," खष्टी टोमणा मारायची. "आपल्याकडे पाणी गेलं, प्रधान. पूल तेवढा राहिला."

विसाव्या वर्षी बांधकाम खात्यातल्या एका कनवाळू कारकुनाने वाट दाखवली.

"दाज्यू, एकशे त्रेचाळीस माणसांना पूल मिळत नसतो. पर्यटकांना मिळतो. पर्यटन खात्यात जा, गावात बघण्यासारखं काय आहे ते लिहून द्या."

हयात सिंहांनी घरी येईपर्यंत विचार केला. बर्फाचं शिखर दिसायचं, पण ते शेजारच्या गावाच्या नावे लागलं होतं. घंटांचं देऊळ त्याच्या पुढच्या गावाने पळवलं होतं. अखेर त्यांनी रकान्यात 'माणसं साधी आहेत' असं लिहिलं आणि अर्ज धाडून दिला. खात्याने एवढी गोष्ट बरोबर हेरली.

पाहणीला पर्यटन खात्याचे लोहनीसाहेब स्वतः आले. हयात सिंहांनी मुद्दाम आठ दिवस गरारीच्या चाकाला तेल घातलं नव्हतं. मध्यावर पाळणा अडकला, खाली पाणी दिसलं, की साहेब तिथल्या तिथे पूल मंजूर करतील, असा त्यांचा हिशेब होता. पाळणा ठरल्याप्रमाणे अडकला. साहेब अर्धा तास हवेत लोंबकळले. उतरले तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते.

"प्रधानजी, हा ठेवा तुम्ही लपवून ठेवलात?"

"लपवलाय कुठे साहेब? एकोणीस अर्ज केलेत."

"पण अर्जात थरार कुठे होता?"

महिन्याभरात गरारी 'जिवंत वारसा' म्हणून घोषित झाली. पाळण्याला लाल रंग लागला, काठावर फोटो काढायचा चौथरा झाला. पुलाबाबत खात्याने सविस्तर खुलासा केला: वारशापासून पाचशे मीटरच्या आत पूल बांधल्यास दृश्य बिघडते, पाचशे मीटरच्या पुढे गाव नाही, सबब पुलाची गरज उरत नाही.

गर्दी वाढली तशी शिस्त आली. दहा ते पाच गरारी पर्यटकांसाठी. या वेळेत गावकऱ्यास जायचे असल्यास पारंपरिक वेशात आणि पाठीवर भारा घेऊन जावे. ज्यांच्याकडे भारा नसेल त्यांना तो कार्यालयातून मिळेल. पलीकडे पोचल्यावर परत करावा. म्हातारे दानसिंह बूबू दाढ काढायला तालुक्याला निघाले, तेसुद्धा गवताचा भारा घेऊन.

मग कुणीतरी साहेबांच्या कानावर भिटौली घातली. चैत्र लागताच 'भिटौली दर्शन' सुरू झालं, दिवसातून तीनदा. शहरातून एक गोरागोमटा भाऊ नेमण्यात आला. बहीण म्हणून खष्टीची निवड झाली, कारण ती छान रडते असा अहवाल होता. अकरा, एक आणि चार वाजता तो परका भाऊ पाळण्यातून यायचा, रिकामी टोपली द्यायचा आणि खष्टी डोळ्यांना पदर लावायची.

सातव्या दिवशी पलीकडच्या काठावर उमेद येऊन उभा राहिला. खरा भाऊ, खऱ्या पुऱ्या. रांगेतल्या कर्मचाऱ्याने त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"आजच्या भावांचा कोटा संपला."

"अहो, ती माझी सख्खी बहीण आहे!"

"असेल. पण तुम्ही पँट घातलीये. सामान सोडता येईल, तुम्ही नाही."

हयात सिंह अलीकडून ओरडले, "सोडा त्याला! मी प्रधान आहे!"

"प्रधानजी, जरा बाजूला व्हा," चौथऱ्यावरून आवाज आला. "फोटोत येताय."

पाळणा आला तो नुसती पुरचुंडी घेऊन. खष्टीने गाठ सोडली. पुऱ्या अजून कोमट होत्या. पलीकडून उमेद काहीतरी ओरडत होता, पण नदीच्या आवाजात एक अक्षर कळेना. मग ती जी रडली, तशी इतक्या वर्षांत रडली नव्हती. हयात सिंहांना तिच्याकडे बघवेना. चौथऱ्यावर टाळ्या पडल्या.

"वा!" लोहनीसाहेब गहिवरले. "चारच्या खेळालाही अगदी असंच."

संध्याकाळी हयात सिंहांनी अभिप्रायाची वही उघडली. शंभर पर्यटकांनी शिफारस केल्यास पुलाचा फेरविचार होईल, असं कलम त्यांनीच शोधून काढलं होतं. त्या दिवशीचं पहिलं पान देवनागरीत होतं, पण भाषा इकडची नव्हती. बोट फिरवता फिरवता ते एका शब्दावर थांबले.

"खष्टी, कुणीतरी पुलाबद्दल लिहिलंय गं!"

"काय लिहिलंय?"

"ते नाही लागत. पण चांगलंच असणार. इतकी रडलीस तू त्यांच्यासमोर."

खष्टीने उरलेली पुरी त्यांच्या हातावर ठेवली. पानावर सुरेख वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'शेवटचा प्रसंग फारच खरा वाटला. कृपया इथे पूल बांधू नका. गाव असंच राहू द्या.'

ही भाषा सिमखोल्यात कुणालाच येत नाही. तुम्हाला मात्र ती घडाघडा वाचता आली.