चिंचेच्या पाण्यातला कटला

"रोल ना? आना इकडे! असा धुतो, का मासा उडी मारून बाहीर आला पायजेन!"

प्रफुल बोलला आणि फसला.

खरं तर प्रफुलनं जन्मात एकही रोल धुतला नव्हता! मूल गावी त्याचा फोटो स्टुडिओ होता, पण तो सगळा कॉम्प्युटरवरचा. नवरीला गोरं करणं, नवरदेवाचं पोट आत ढकलणं, लग्नाला न आलेल्या मामाला फोटोत उभं करणं, यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. रोलचं त्याला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. पण समोर सासू उभी होती, हातात रोल घेऊन, आणि शेजारी बायको. अशा वेळी 'मला येत नाही' म्हणणारा जावई अजून जन्माला यायचा आहे.

प्रकरण माशाचं होतं. प्रफुलचे सासरे नथ्थूभाऊ सिंदेवाहीजवळच्या एका गावचे, तलावावर जाळं टाकणारे. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात आपण तलावातून वासराएवढा कटला एकट्यानं बाहेर काढला, असं ते सांगत. त्यांच्या चुलतभावानं, दसरूनं, त्याचा फोटोही काढला होता. पुढे दसरू वारला, रोल कुठे गेला ते कळलं नाही, आणि मासा मात्र दर वर्षी वाढत गेला. प्रफुलच्या लग्नापर्यंत त्या वासराचा चांगला गोऱ्हा झाला होता!

मग प्रफुलच्या घरी मुलीचं बारसं झालं. भर पंगतीत प्रफुलचे वडील मनसाराम आपल्या व्याह्याला म्हणाले, "इवाई, पुढच्या साली तुमचा कटला हत्ती होते का?"

सगळी पंगत हसली. नथ्थूभाऊ भरल्या ताटावरून उठले. "इवाईबुवा, त्या माशाचा फोटो तुमाले दाखवल्याबिगर मी ह्या उंबरठ्यावर पाय ठेवणार नाई!"

आता नातीचा पहिला वाढदिवस तोंडावर आला होता आणि आजोबा यायला तयार नव्हते. नीलिमा, प्रफुलची बायको, भाजी निवडतानाही रडायची. अशात सासूबाईंनी, गुणाबाईंनी, धान साठवायची ढोली झाडली आणि तळाशी एका डबीत दसरूचा तो रोल निघाला. मग काय विचारता! नीलिमा आनंदानं नाचायचीच बाकी राहिली.

प्रफुल तर पेटलाच. फोनवरच्या एका फोटोवाल्यांच्या ग्रुपात शिरून त्यानं भोळेपणानं विचारलं, 'जुना ब्लॅक अँड व्हाइट रोल धुवायला कोणता डेव्हलपर चांगला?' आणि तिथे महाभारत सुरू झालं! एक म्हणाला, फोटो रवाळ यायला नको तर बारीक दाण्याचाच घ्या. दुसरा म्हणाला, बारीक दाणा पाहिजे तर तांदूळ घ्या, जुन्या रोलला जोरकस औषध लागतं. तिसऱ्यानं दोघांनाही अडाणी ठरवलं. चौथा म्हणाला, जुन्या रोलवर धुकं चढलेलं असतं, त्याला कॉफी! कॉफी, धुण्याचा सोडा, व्हिटॅमिन सीची पूड आणि जरासं आयोडीनचं मीठ. सगळं गावातल्या दुकानांत मिळणारं! ते धुतल्यावर फोटो पक्का करायला हायपो तेवढा विकत घ्यायचा.

प्रफुलला कॉफी आवडली. सासऱ्यांना मुळीच नाही.

"कॉफी?" नथ्थूभाऊ फोनवर ओरडले. "तो रोल हाय का पाहुणा? नागपूरहून पाकिटातलं औषध आना!"

प्रफुलनं पाकिटाची चौकशी केली. तोवर पुन्हा फोन. "नागपूरचं नको, भेसळीचं रायते. मुंबईहून मागवा." मुंबईची चौकशी झाली. पुन्हा फोन. "मी काय म्हनतो जवाईबापू, विलायतेत भेटन का?"

केवढी ही काळजी! प्रफुलला सासऱ्यांचं कौतुक वाटलं. तेवढ्यात पलीकडे फोन हिसकावल्याचा आवाज झाला आणि गुणाबाई बोलल्या, "बापू, चहानं धुवा, कॉफीनं धुवा, नाई त पंगतीच्या खरकट्या पान्यानं धुवा. पन आता फोटो निघालाच पायजेन!"

कॉफी ठरली.

रविवारी सगळे सासऱ्यांच्या घरी जमले. मनसाराम मुद्दाम आले होते, कडक धोतर नेसून, आणि साक्षीदार म्हणून शेजारच्या पोचूला घेऊन. बाहेर मे महिना नुसता भाजून काढत होता. प्रफुलनं स्वयंपाकघरात स्टीलच्या किटलीत औषध कालवलं. असा वास सुटला, की मांजर घर सोडून गेलं! प्रफुलनं नाकावरून दुपट्टा घट्ट आवळला. औषध थंड पाहिजे, म्हणून किटलीला ओलं फडकं गुंडाळून ती माठाशी ठेवली आणि बजावलं, "हिले कोणी हात लावू नका!"

मग तो धानाच्या खोलीत शिरला, खिडकीत गोधड्या कोंबल्या आणि अंधारात चाचपडत रोल काळ्या डब्यात भरला. त्या डब्याचं झाकण एकदा लागलं, की उजेडाचं भय नाही. वरच्या भोकातून औषध ओतायचं आणि डबा हलवत राहायचं, एवढंच.

पण किटल्या दोन होत्या! आहेरात आलेल्या, अगदी जुळ्या. प्रफुल अंधारात असताना गुणाबाईंनी पाहुण्यांसाठी चिंचगुळाचं पाणी गाळून दुसऱ्या किटलीत भरलं, तिलाही ओलं फडकं गुंडाळलं आणि तीही माठाशीच ठेवली. त्यांच्या घरी थंड करायची जागा ती एकच.

प्रफुल घामाघूम होऊन बाहेर आला, एक किटली उचलली आणि डब्यात ओतली. रंग तपकिरी, गारवा बरोबर, नाक बांधलेलं. शंका यायला जागाच नव्हती! नीलिमानं दुसरी किटली उचलली आणि पुढच्या छपरीत बसलेल्या पाहुण्यांचे पेले भरले.

इकडे प्रफुल डबा हलवत गाणं गुणगुणत होता. तिकडे मनसारामांनी पेला तोंडाला लावला. मोठा घोट घेतला. त्यांचे डोळे हळूहळू मोठे झाले. पण व्याह्याच्या घरचं पाणी थुंकायचं कसं? आधीच रुसवा, त्यात हा अपमान! मनसारामांनी देवाचं नाव घेऊन घोट गिळला.

"कसं हाय, इवाई?" नथ्थूभाऊंनी विचारलं.

"वेगळं... वेगळं हाय," मनसाराम कसेबसे बोलले.

पोचूचं तिथे कोणतंच सोयरपण नव्हतं. तो सरळ अंगणात जाऊन थुंकला. "काऊन वो भाऊ! धुण्याचं पानी पाजून राह्यले का आमाले?"

प्रफुल तेव्हा हायपोची बाटली उघडत होता. 'धुण्याचं' हा शब्द कानावर पडताच त्याच्या हातून झाकण निसटलं. त्यानं नाकावरचा दुपट्टा खाली ओढला आणि डबा हुंगला. चिंच! गूळ! वरून जिरं!

"थांबा!" तो किंचाळत छपरीत आला. "पेऊ नका! तो डेव्हलपर हाय! वापस द्या!"

"आँ? मी मरतो का आता?" मनसाराम उभेच राहिले.

"नाई मरत बाबा, कॉफी अन् सोडाच हाय. चूळ भरा, भरपूर पानी प्या. अन् पेला इकडे आना आधी!"

नशीब थोर! औषधाआधी हायपो पडला असता तर सगळा खेळ खलास होता. नुसत्या आंबटगोड पाण्यानं रोलचं काही बिघडलं नव्हतं. प्रफुलनं डबा तीनतीनदा धुतला, सगळ्यांचे पेले किटलीत रिकामे केले, औषध फडक्यानं गाळलं आणि डब्यात ओतलं.

"बाबा, एक घोट कमी पडून राह्यला!"

"तो आता मले मांगू नको!" मनसाराम पोट धरून म्हणाले.

कमी पडलेल्या घोटासाठी प्रफुलनं डबा दुप्पट जोरानं हलवला, मग हायपो, मग पाणी. शेवटी रोल अंगणातल्या दोरीवर चिमट्यानं टांगला. सगळे भोवती जमले. बराचसा रोल धुक्यानं भरलेला. पण मधलं एक चित्र स्वच्छ!

प्रफुलनं मोबाइलनं त्याचा फोटो घेतला, काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं केलं आणि तो आनंदानं ओरडला, "मासा! बाबा, मासा हाय! खरंच वासराएवढा!"

नीलिमानं टाळ्या पिटल्या. मनसारामांनी मोठ्या मनानं हात जोडले. "चुकलो इवाई. मानलं तुमाले." नथ्थूभाऊ मात्र दोरीकडे न पाहता गोठ्याकडे निघाले होते.

"थांबा ना," मनसाराम फोन डोळ्यांशी नेत म्हणाले. "मासा त बाईनं धरला हाय. कासोटा घालून, कमरेएवढ्या पान्यात... अरे, ह्या त गुणाबाई!"

"अन् माहे बाबा कुठी?" नीलिमानं बोटांनी चित्र मोठं केलं. मागे तलावाच्या पाळीवर एक पळस होता. पळसाच्या फांदीला एक तरुण माणूस घट्ट मिठी मारून बसला होता.

"माशाले मगर समजले होते," गुणाबाई शांतपणे म्हणाल्या. "मीच जाळ्यासगट वढला. लई वर्सं चूप राह्यली. पन आता फोटो दाखवला ना तुमी इवायाले? मंग वाढदिवसाले चला!"

सगळ्यांच्या नजरा गोठ्याच्या दाराशी पोचल्या. नथ्थूभाऊंनी घसा खाकरला, धोतर झटकलं आणि जावयाकडे बोट रोखलं.

"येतो ना वाढदिवसाले! पन मी पयलेच सांगत होतो, विलायती औषध आना! चिंचेच्या पान्यानं धुतल्यावर फोटोतले मानसं इकडचे तिकडे होनारच!"