उंच जाणाऱ्या थाळ्या

“डोळ्यांना फडकं बांधा, तरी माझी काठी थाळीवरच पडेल!” पौलसनं अख्ख्या चर्चला सांगून टाकलं होतं.

बोलणं खोटं नव्हतं. नवा ड्रमसेट आला तेव्हा त्याच्या पितळी थाळ्या, म्हणजे सिंबल, बसवण्यात त्यानं पुरा शनिवार घातला. कोपर कुठं येतं, मनगट कुठं वळतं, सगळं जोखलं. डावी थाळी छातीइतकी, उजवी खांद्याच्या जरा खाली, दोन्ही त्याच्याकडं किंचित झुकलेल्या. पाण्यावर वाकलेल्या दोन गाईच जणू! पेच आवळले, दांड्यांवर खडूनं खुणा केल्या.

रविवारी पहिलं गाणं झकास झालं. तिसऱ्याला खांदा ताणला. पाचव्याला थाळी नाकासमोर आली. आणि शेवटच्याला त्यानं जोरात हात फेकला, तर काठी थाळीच्या खालून निसटली. वाजलं काहीच नाही!

पौलसनं खुणा पाहिल्या. जागच्या जागी. पेच पाहिले. घट्ट. मग थाळ्या वर गेल्या कशा? ताडाची झाडं वाढतात तशी पितळही वाढतं की काय?

दर रविवारी हेच. तो थाळ्या उतरवी, नवी खूण करी, त्या पुन्हा चढत. शेवटी खाली उतरवायला दांडीच उरली नाही! गुडघे तर आता बरगड्यांना टेकू लागले होते. पण थाळ्यांकडं बघणाऱ्याचं बुडाखाली लक्ष कुठलं!

“आई, मी आखूड होतोय का गं?”

रेवाबाईनं लेकाला दाराच्या चौकटीला टेकवून मापलं. “उंची तेवढीच आहे, पौल्या. वर डोक्यात काही घटलं असेल तर मला काय कळणार!”

चर्चचे पाळकसाहेब मात्र हसले नाहीत. “पुढच्या रविवारी संमेलन आहे. चाळीस गावं येतील. पुन्हा हवा वाजवलीस तर खांडबाऱ्याच्या पवनला बसवीन.”

पौलसनं काठ्या उराशी धरल्या. ड्रम गेला तर गेला, पण ती जागा! तिथूनच तर उजव्या बाजूच्या गायक मुलींतली रविना दिसायची. गाणं संपलं की तिच्याकडं एक नजर टाकायचा त्याचा नेम. पण बघून तसंच माघारी वळलं तर लोक काय म्हणतील? म्हणून तो उजवीकडं फिरे, रविनापाशी जरा रेंगाळे, मग भिंत, दार, पुरुषमंडळी असा पुरा फेरा करून पुढं येई. जणू पंखे मोजतोय!

शनिवारी तालमीला पाळकसाहेबांनी इमॅन्युएलला बोलावलं. हा वेल्डिंगवाला; ड्रमचं स्टूल त्यानंच केलेलं. आणि तो रविनाचा बाप! पौलस लगेच समोर बघू लागला.

इमॅन्युएलनं दांड्या हलवून पाहिल्या. “यांना काय धाड भरली नाही.” मग खाली वाकला. “अरे! स्टूल बुडालंय की!”

“बुडालं? कसं, मामा?”

“आट्यांचं आहे ते. उजवीकडं एक फेरा मारला की अर्धं बोट खाली. माघारी फिरला असतास तर आपोआप वर आलं असतं. तू नुसता उजवीकडंच कशाला फिरतोस रे?”

चर्चमधल्या सगळ्या माना उजवीकडं वळल्या. पौलस खडूसारखा पांढरा.

“काय आहे तिकडं?” इमॅन्युएलचा आवाज चढला. “ताल सोडून माझ्या पोरीकडं वळत बसतोस?”

“नाही, पप्पा!” रविना घाईनं उठली. “वाजवताना ते कधीच फिरत नाहीत. गाणं संपल्यावरच. एकेकच फेरा. गेल्या रविवारी आठ झाले, त्याच्या आधी सात…”

इमॅन्युएल सावकाश लेकीकडं वळला. “तू मोजलेस?”

रविनानं गाण्याचं पुस्तक उघडून तोंडासमोर धरलं. उलटं!

कुणीतरी फिसकन हसलं. पाळकसाहेबांना एकदम खोकला आला. इमॅन्युएलनं स्टूल खांद्यावर टाकलं. “दुकानावर नेतो. जाम करून आणतो. आणि पौलस, बोलायचं असेल तर घरी ये. आईला घेऊन, सरळ वाटेनं!”

संमेलनात थाळ्या हाताशी, स्टूल पक्कं, तसूभरही फिरेना. पौलसची एकही काठी चुकली नाही. चाळीस गावांनी वाहवा केली.

सोमवारी रेवाबाई त्याच्या मानेला मोहाचं तेल चोळत होती.

“सरळ बघ की रे, पौल्या!”

“बघतोय गं, आई. पण ही मान उजवीकडून परत येईना!”